उकिरड्यातली पन्नी आणि वावरातलं खत



तूर घरात आली, पऱ्हाटी उपटायची वेळ झाली. आता थोड्याच दिवसांत उकिरडा उपसून खत वावरात न्यायची घाई सुरू होईल. त्याआधी एक काम करून पाहा. आपल्या उकिरड्यातलं टोपलंभर खत अंगणात पोत्यावर पसरा आणि काडीनं चिवडा. हातानं नको, काडीनंच. खर्‍याच्या पन्न्या निघतील, शाम्पूच्या पुड्या निघतील, बांगडीची काच, दाढीचं पातं, टॉर्चचा सेल, गोळ्यांची रिकामी पत्री, खताच्या पोत्याचे पांढरे धागे, असं काय काय निघेल. हे सगळं आपण दरवर्षी शेणखत म्हणून बंडीत भरतो आणि काळ्या रानात पसरतो.

आपल्या आज्याच्या काळीही घरचा सगळा केर उकिरड्यावरच जात होता. मग तेव्हा का बिघडलं नाही? तेव्हाचा केर म्हणजे राख, शेण, भाजीचे देठ, कुटार, पत्रावळी. भंडाऱ्याला पळसाच्या पानांची पत्रावळ असे, ती पावसाळा संपेपर्यंत मातीत मिसळून जाई. आता चंदेरी कागदाची पत्रावळ आणि प्लास्टिकचा पेला आला. टाकायची जागा तीच राहिली, टाकायची वस्तू बदलली. उकिरड्याला काय कळणार त्यातलं!

कारंजा लाडच्या भोवतालच्या गावांना तर यात दुहेरी नुकसान आहे, कारण आपला हा कापसाचा मुलूख आहे. वावरातली पन्नी वाऱ्यानं फाटते, तिचे तुकडे पऱ्हाटीला अडकतात आणि वेचणीत कापसाबरोबर ओट्यात येतात. जिनिंगमध्ये ते आणखी बारीक होतात. पुढं सूत निघतं, कापड होतं, आणि कापड रंगवलं की तेवढ्या जागी रंग धरत नाही, कारण प्लास्टिकच्या धाग्याला तो रंग बसत नाही. गिरणीवाल्याचा माल नापास होतो. मग तो जिनवाल्याला भाव कमी देतो आणि जिनवाला तुम्हाला. केंद्र सरकारनं २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, तेव्हा कापसातली ही भेसळ कमी करणं हा त्यातला एक मोठा हेतू होता. जिनिंग सुधारल्या, बाजाराची आवारं सुधारली. पण पन्नी वावरातूनच कापसात येत असेल तर जिनवाला तरी काय करील?

दुसरं नुकसान गोठ्यातलं. शिळी भाकर, भाजीची सालं पन्नीत गुंडाळून गाठ मारून फेकायची सवय लागली आहे. गाईला वास अन्नाचा येतो, गाठ सोडवता येत नाही, ती पन्नीसकट गिळते. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात, कोठीपोटात, साचत जातं. पचतही नाही, पुढंही सरकत नाही. जनावर खात नाही, पोट फुगतं, दूध आटतं. गोळा मोठा झाला तर पोट फाडून काढण्यावाचून इलाज राहत नाही, आणि पुष्कळदा तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा सांगायची गोष्ट एवढीच, की कचरा वेगळा करायचा तो घराच्या दारात. एकदा मिसळला की मग निवडणं कोणाच्याच बापाला जमत नाही. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत तीन भाग सांगितले होते: कुजणारा, न कुजणारा आणि घरातला धोक्याचा. आपण शेतकरी आहोत, आपल्याला ही वाटणी सोपी आहे. जे मातीतून आलं ते मातीत जाईल. जे दुकानातून पन्नीत आलं ते पोत्यात जाईल. आणि ज्यावर विषाची खूण आहे ते या दोहोंत कुठंच जाणार नाही.

या विषाबद्दल आधी बोलतो, कारण त्यात जीव जातो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणी झाली की रिकामी बाटली धुऱ्यावर पडते, पोरं ती खेळायला आणतात, कुठं कुठं तिच्यात गोडंतेलही भरलं जातं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलं आहे की हे रिकामे डबे उघड्यावर टाकू नका, पुन्हा वापरात येऊ देऊ नका. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाणी घालून तीनदा खळबळा, ते पाणी पंपातच ओता, वाया घालवू नका, आणि मग बाटलीला खिळ्यानं भोकं पाडा. अशा बाटल्या एका वेगळ्या पोत्यात, पोरांच्या आणि ढोरांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलपात ठेवा. परत घेण्याची काही सोय आहे का, ते कृषी केंद्रवाल्याला आणि ग्रामपंचायतीला विचारा. जाळायच्या मात्र नाहीत. पन्नीही जाळायची नाही. चूल लवकर पेटते म्हणून आपल्या मायबहिणी पन्नी लावतात, पण तो धूर पहिल्यांदा त्यांच्याच छातीत जातो. त्यापेक्षा तुराटीच्या चार काड्या चांगल्या.

आता कुजणाऱ्या कचऱ्याचं. आपल्याच भागातल्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी खताची एक रीत बसवली. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात आणि ती देशभर गेली. आपल्याकडं मात्र पुष्कळ ठिकाणी नाडेपचं टाकं बांधलेलं दिसतं आणि आत शेळ्या बांधलेल्या दिसतात. टाकं वाईट नाही, पण ते भरायचं कसं हे समजून घेतलेलं नसतं.

जमिनीवर विटांचं, आतून १२ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकं बांधायचं. जोडाई मातीत चालते, फक्त वरचा थर सिमेंटात घ्यावा. भिंतीत मधून मधून ७ इंचांची भोकं ठेवायची, त्यातून हवा खेळते. विटांना पैसा नसेल तर तुराटीचा किंवा बांबूचा कूड करून त्याच मापाचं टाकं करा, खत तेच निघतं. एका टाक्याला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा लागतो, शेण फक्त ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे १७५० किलो आणि पाणी १५०० ते २००० लिटर. शेणाचा आकडा पुन्हा वाचा. घरी दोनच ढोरं असली तरी हे जमण्यासारखं आहे.

आधी टाक्याला आतून शेणकाला शिंपडायचा. मग ६ इंचांचा कचऱ्याचा थर, त्यावर ४-५ किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५०-६० किलो माती, आणि वरून थोडं पाणी. असे अकरा-बारा थर देत टाक्याच्या वर दीड फूट झोपडीसारखं न्यायचं आणि तीन इंच मातीनं झाकून शेणानं सारवायचं. पंधरा-वीस दिवसांनी कचरा बसतो आणि टाकं आठ-नऊ इंच खाली जातं, तेव्हा पुन्हा तसेच थर देऊन सारवायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या.

यातली मेख अशी, की टाकं एक-दोन दिवसांत पूर्ण भरलं पाहिजे. रोज घमेलंभर टाकत गेलात तर तो नाडेप नाही, नुसता विटांचा उकिरडा. आणि दीड हजार किलो कचरा दोन दिवसांत एका घरानं कुठून आणायचा? इथंच गल्लीनं एकत्र यायचं आहे. सोयाबीनचं कुटार, तण, पालापाचोळा, बारीक केलेली पऱ्हाटी प्रत्येकानं आपापल्या जागी कोरडी साठवावी. घरचे भाजीचे देठ नि सालं रोज खड्ड्यात टाकून मूठभर मातीनं झाकावीत. मग एक दिवस ठरवून सगळ्यांनी बंड्या जुंपाव्या आणि टाकं भरून टाकावं. पऱ्हाटी यात गेली तर आणखी एक फायदा आहे: धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते, तिचा थारा जातो.

एकत्र येणं आपल्या तालुक्याला नवं नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत कारंजा तालुक्यातल्या गावांनी श्रमदानाला फावडी उचलली होती. त्याहीआधी, आपल्याच वऱ्हाडात शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की पहिल्यांदा झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्या नावानं २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यानं पुष्कळ गावं उजळली, पण तपासणीची गाडी गेली की झाडू कोपऱ्यात, असंही कितीतरी ठिकाणी झालं. टाक्याची गंमत अशी की त्याला तपासणीवाल्याची गरज नाही. भरलं तर खत, नाही भरलं तर नाही.

कोरड्याचं काय? बाटल्या, डबे, पुठ्ठा, लोखंड हे भंगारवाला घेतो, स्वच्छ आणि कोरडं असलं तर बरा भाव देतो. बचत गटानं गल्लीत चार रिकामी पोती टांगली तर महिन्याला काहीतरी हाती लागेल. पण खर्‍याची पन्नी आणि पातळ पिशवी भंगारवालाही घेत नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. तिला उपाय एकच, घरी येऊच न देणं. कारंज्याला बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी दुकानदार देतो, कारण आपण हात पुढं करतो. आणि हे निवडण्याचं काम एकट्या घरच्या बाईवर टाकू नका. खर्‍याची पन्नी टाकणारा हात तिचा नसतो.

कारंज्याला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांना आणखी एक सांगणं. फुकट मिळतो म्हणून कोणी शहराचा न निवडलेला कचरा ट्रॉलीनं वावरात टाकून देत असेल, तर घेऊ नका. शहराच्या कचऱ्याचं खत वाईट नसतं. १९३९ साली बंगळूरला डॉ. आचार्यांनी त्याची चांगली रीत काढली होती, पण त्या काळच्या कचऱ्यात पन्नी नव्हती. आजही सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण आहे. २०१५ नंतर रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेनं दारातच कचरा वेगळा करून घेतला, आणि ज्या डेपोकडं कोणी फिरकत नव्हतं तो लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. असं निवडून केलेलं, चाळलेलं खत मिळत असेल तर जरूर घ्या.

माघ-फाल्गुनात भरलेलं टाकं ९० ते १२० दिवसांत तयार होतं, म्हणजे पेरणीच्या आधी. खत गडद तपकिरी दिसतं आणि त्याला दुर्गंधी राहत नाही. ते उन्हात वाळवू नका, किंचित ओलं असतानाच चाळा. चाळणीवर जे जाडंभरडं राहील ते पुढच्या टाक्याच्या थरात घाला. एका टाक्यातून सुमारे तीन टन खत निघतं. गल्लीत वाटणी कशी करायची, ते टाकं भरायच्या आधीच चार माणसांसमोर ठरवून घ्या, नाहीतर खत निघायच्या दिवशी भांडण निघतं.