पुन्हा लागलेली हातगाडी

अक्कलकोट तालुक्यातलं दुधनी म्हणजे कर्नाटकच्या सीमेवरचं, मराठी-कानडी दोन्ही बोलणारं बाजारपेठेचं गाव. करोनाच्या टाळेबंदीत अशा गावांतल्या भाजीवाल्या मावशींचं, हातगाडीवाल्यांचं भांडवल घरखर्चातच संपलं. त्यांच्यासाठी १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना आली: विनातारण १० हजारांचं कर्ज आणि वेळेवर फेडल्यास व्याजावर ७ टक्के अनुदान.

कर्ज बँक देते. पण विक्रेत्यांचं सर्वेक्षण, ओळखपत्र आणि नाव सुटलेल्यांना शिफारसपत्र, ही कामं नगरपरिषदेची. माझ्या मते सगळं इथंच ठरतं. एक नाव सुटलं, की एक चूल मागे राहते.

योजनेची मुदत आता ३१ मार्च २०३० पर्यंत आहे, पहिलं कर्ज १५ हजारांचं झालंय. तुमच्या ओळखीच्या विक्रेत्याला हे आजच सांगा.