मोत्यांचे नैसर्गिक रंग



मोती पांढराच असावयाचा, आणि त्यात पिवळसर, गुलाबी किंवा काळसर झाक दिसली तर ते एक तर त्या मोत्याचे वैगुण्य तरी असावयाचे किंवा विकणाराची लबाडी तरी, अशी आपल्याकडील पुष्कळ गिऱ्हाइकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. निसर्गाने मोत्याला लोण्यासारखा, सोनेरी, गुलाबी, राखी, हिरवट, निळसर आणि जवळजवळ काजळी असे सगळे रंग दिलेले आहेत, आणि पांढरा हा त्यांपैकी केवळ एक आहे. हे रंग येतात कोठून, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मोत्यांच्या रंगांची नोंद आपल्या देशात फार पूर्वीपासून झालेली आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या 'बृहत्संहिते'त मोत्यांच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय असून, त्यात मोत्यांची प्रतवारी त्यांच्या उत्पत्तिस्थानांवरून लावलेली आहे. ताम्रपर्णीकडील मोती किंचित तांबूस छटेचे पांढरे, सौराष्ट्रातील मोती लोण्याच्या वर्णाचे, आणखी एका प्रदेशातील काळे, पांढरे व पिवळे, असा तो तपशील आहे. हत्ती, वराह, वेळू आणि मेघ यांच्यापासूनही मोती उत्पन्न होतात असे तोच ग्रंथ सांगतो हे खरे. परंतु प्रदेश बदलला की मोत्याचा रंग बदलतो, हे निरीक्षण अचूक आहे. कमतरता होती ती कारणाची.

कारण सांगण्याचा एक प्रयत्न सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने केला. जवाहिराच्या व्यापारासाठी सहा वेळा पूर्वेकडे प्रवास केलेल्या या चौकस गृहस्थाचे म्हणणे असे, की कोळी लोक शिंपले ढिगांनी विकतात, व्यापारी ते आपोआप उघडेपर्यंत पंधरा पंधरा दिवस तसेच ठेवतात, आणि आतील प्राणी कुजला म्हणजे त्याच्या संसर्गाने मोती पिवळा पडतो. ही उपपत्ती ऐकावयास सयुक्तिक वाटते. पण समुद्रातून नुकत्याच वर काढलेल्या जिवंत शिंपल्यातही चांगला सोनेरी मोती सापडतो, या एका गोष्टीपुढे ती टिकत नाही. मोत्याचा नैसर्गिक रंग त्याला मागाहून लागत नाही. तो त्याच्या घडणीबरोबरच येतो.

ती घडण थोडक्यात अशी. शिंपल्यातील प्राण्याच्या अंगावर त्वचेचे एक मऊ आच्छादन असते, त्यास प्रावार म्हणतात. शिंपला बांधण्याचे काम या प्रावाराचे. एखाद्या परोपजीवी कृमीमुळे किंवा इजेमुळे प्रावारातील काही पेशी आत ढकलल्या गेल्या, की त्यांची एक बारीक पिशवी तयार होते, आणि शिंपल्याच्या अंगाला जो चकचकीत लेप द्यावयाचा तोच लेप त्या पेशी पिशवीच्या आत थरावर थर देत बसतात. मोती म्हणजे हे थर. स्वाती नक्षत्रातील पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, ही कथा काव्यात शोभून दिसते. परंतु मोती कसा निघणार हे ठरविणारी सत्ता आकाशाकडे नसून त्या पेशींकडे आहे. ज्या शिंपल्याची आतली बाजू जशी, तसा त्याचा मोती. कोकणच्या किनाऱ्यावर आपण जी कालवे खातो, त्यांच्या कवचाची आतली बाजू निस्तेज असते; त्यामुळे क्वचित त्यांत एखादा गोळा सापडला, तरी तो खडूसारखा मंद निघतो आणि कोणी जवाहिरी त्याला हात लावीत नाही.

हे सूत्र हाती धरले म्हणजे प्रदेशाप्रदेशांतील तफावतीचा उलगडा होतो. इराणचे आखात आणि मन्नारचे आखात येथील लहान शिंपल्याचे अंतरंग पांढरे ते फिकट साईच्या रंगाचे असते; आपल्या नथीत आणि तन्मण्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला 'बसरा' मोती हा त्या इराणच्या आखातातला, आणि मुंबईच्या बाजारात येऊन चाळण्यांनी चाळला गेलेला, विंधलेला आणि ओवलेला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापासून फिलिपाईन्स आणि ब्रह्मदेशापर्यंत जो मोठा शिंपला मिळतो, त्याच्या आतील कडेचा पट्टा काहींत रुपेरी व काहींत सोनेरी असतो, आणि मोतीही त्याप्रमाणे रुपेरी वा सोनेरी निघतो. पॅसिफिक महासागरातील ताहिती व आसपासच्या बेटांकडील शिंपल्याची कड काळसर असते. राखी, हिरवट आणि मोरपंखी झाकेचे प्रसिद्ध काळे मोती याच शिंपल्याचे. त्यातही गंमत अशी, की या काळ्या ओठाच्या शिंपल्याचा मधला भाग रुपेरी असल्यामुळे पेशी कडेच्या की मधल्या, यावरही मोत्याचा गडदपणा अवलंबून राहतो. कॅरिबियन समुद्रातील एका मोठ्या शंखात निघणारा गुलाबी मोती तर थरांच्या झळाळीवाचूनच केवळ आपल्या रंगावर किंमत मिळवितो; मात्र उन्हात फार राहिला तर तो गुलाबी रंग उडू लागतो.

हा जो अंगचा वर्ण, तो रंगद्रव्यांचा असतो. मोत्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग चुन्याचा, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्या द्रव्याचे त्याच द्रव्याचा, फक्त त्याचे स्फटिक निराळ्या जातीचे. त्यांस ॲरॅगोनाइट म्हणतात. या स्फटिकांच्या चकत्या एकमेकींस चिकटवून धरणारे जे प्रथिनमय द्रव्य असते, त्याचे नाव कॉन्कायोलिन. स्फटिक स्वतः रंगहीन. रंगद्रव्ये बहुतांशी या सेंद्रिय द्रव्याच्या आश्रयाने राहतात. काळ्या मोत्यात पॉर्फिरिन नावाच्या वर्गातील द्रव्ये सापडतात, आणि ती अतिनील प्रकाशात तांबूस चमकतात; चांदीच्या क्षाराने काळा केलेला मोती तसा चमकत नाही. त्यामुळे अस्सल काळेपणा आणि केलेला काळेपणा यांचा निवाडा करण्यास परीक्षकांना एक साधन मिळाले आहे. वर्ण पेशींचा असतो याचा सर्वांत बोलका पुरावा जपानी मोती-शेतीने दिला: मोती घडविण्यासाठी शिंपल्यात जो मणी घालतात, त्याबरोबर प्रावाराचा जो चिमुकला तुकडा दुसऱ्या शिंपल्यातून कापून घालतात, तो ज्या रंगाच्या शिंपल्याचा, त्या रंगाकडे मोती झुकतो, म्हणून तुकड्यासाठी शिंपला निवडताना तेथील कारागीर त्याचे अंतरंग पारखून घेतात.

परंतु एवढ्याने मोत्याची कथा संपत नाही. मोती फिरविला म्हणजे त्याच्या पृष्ठावर जी गुलाबी, हिरवी, निळसर झाक सरकते, ती कोणत्याही रंगद्रव्याची नव्हे. वैद्य लोक गुलाबजलात खल करून जी मुक्तापिष्टी तयार करतात, ती पाहा: मोत्यातील द्रव्य तेच, मात्रा तीच, पण भुकटी पांढरी आणि निस्तेज. गेली ती केवळ रचना, आणि तिच्याबरोबर झळाळीही गेली.

या रचनेचा शोध एका आकस्मिक घटनेतून लागला. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी शिंपल्याचा एक तुकडा राळ आणि मेण यांच्या मिश्रणाने आपल्या उपकरणावर बसविला होता. तो काढल्यावर त्यांना दिसले, की खालच्या मेणावरही इंद्रधनुष्याचे तेच रंग खेळत आहेत. शिंपल्याचा एखादा पातळ पापुद्रा मेणास चिकटला असावा, अशी शंका येऊन त्यांनी लाखेवर, डिंकावर आणि वितळलेल्या धातूवरही ठसे घेतले. प्रत्येक ठशात रंग उमटले. यावरून १८१४ साली त्यांनी दाखवून दिले, की शिंपल्याच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा असल्या पाहिजेत, आणि काही रंग त्या रेघांमुळे उत्पन्न होतात. या रेघा म्हणजे थरांच्या उघड्या पडलेल्या कडा. दुसरे कारण थरांच्या पोटात आहे. ॲरॅगोनाइटची एकेक चकती सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोन हजारांच्या आसपास थर. आणि ही जाडी प्रकाशाच्या लहरींच्या लांबीच्या तोडीची असल्यामुळे निरनिराळ्या थरांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळताना काही रंगांना बळ देतात आणि काहींना मारतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही याच नियमाने. आपल्या देशात चंद्रशेखर वेंकट रामन यांना या विषयाचे विलक्षण आकर्षण होते. शिंपल्यांच्या रंगांचा त्यांनी प्रदीर्घ अभ्यास केला, आणि १९५४ साली कृष्णमूर्ती या सहकाऱ्याच्या साहाय्याने मोत्याच्या थरांतून पसरणाऱ्या प्रकाशाची रंगीत प्रभा स्वतंत्रपणे वर्णिली.

तेव्हा मोत्याचा रंग हे दोन कारणांचे संयुक्त खाते आहे. एक अंगचा वर्ण, तो रंगद्रव्याचा. दुसरी वरची आभा, ती थरांच्या शिस्तीची. वर्ण त्या शिंपल्याच्या जातीची साक्ष देतो. आभा त्याच्या कारागिरीची साक्ष देते: थर पातळ, एकसारखे आणि पुष्कळ असतील तर मोत्याला खोल पाणी येते, ते जाड किंवा विस्कळित असतील तर उत्तम वर्णाचा मोतीही पिठूळ दिसतो. कित्येक मोत्यांची निळसर-राखी छटा मात्र याहून निराळ्या कारणाची असते. तेथे पातळ थरांखाली काळपट सेंद्रिय द्रव्याचे एखादे पटल दडलेले असते आणि त्याची छाया वर येते.

यावरून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. मोती घेताना तो पांढरा आहे की पिवळसर, यावर अडून बसू नये. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर, हळूहळू फिरवून त्याचे पाणी पाहावे, कारण वर्ण हा आवडीचा प्रश्न आहे, पाणी हा गुणाचा. आणि मोती घरात आल्यावर त्यातील चुना आंबटाने विरघळतो व त्यातील सेंद्रिय द्रव्य कालांतराने सुकून पिवळे पडते, हे ध्यानात ठेवावे. चांदी-तांब्याप्रमाणे नथ किंवा तन्मणी चिंचेच्या अथवा लिंबाच्या पाण्यात कधीही टाकू नये. अत्तर लावून झाल्यावर मग मोत्याचा दागिना घालावा, आणि उतरविल्यावर घाम मऊ कापडाने पुसून तो ठेवावा. एवढी काळजी घेतली, तर आजीच्या नथीतील मोत्याचे पाणी नातीच्या नथीतही टिकते.