हे दुखणंही निवेदनात लिहा
(महिला शिबिरात केलेले भाषण)



आत्ता एकसाली प्लॉटवर सगळे मोठ्यानं बोलले. आता मी जे बोलणार त्यावर काही जणी खाली बघतील, पुरुष विडी ओढायला बाहेर जातील. जाऊ नका. तुमच्याशीच जास्त बोलायचंय.

अंगावरून घाण वासाचं पाणी जातं, ओटीपोट दुखतं, लघवीला जळजळ होते. प्रत्येकीला वाटतं, मला एकटीलाच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांना तपासलं. १९८९ साली ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. मग एकटी कोण? यातले सगळेच आजार संबंधातून लागत नाहीत, म्हणून पाणी जातं म्हटल्यावर बाईच्या चालीवर बोलायचं नाही.

पण परमा आणि गरमी संबंधातून लागतात. गरमीचा चट्टा बहुतेक दुखत नाही, थोड्या आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस म्हणतो, बरा झालो. रोग रक्तातच राहतो. बाईला दिवस गेले की पोटातल्या पोरालाही लागतो. पोर पडतं, नाहीतर मेलेलं जन्मतं. मग भगत दाणे बघतो आणि शेजारची म्हातारी भुताळी ठरते. रक्त तपासायचं सोडून म्हातारीच्या अंगावर धावून जायचं! गरमी पेनिसिलीनच्या सुईनं जाते. औषध जुनं आहे, महाग नाही.

एकट्या बाईनं औषध घेऊन उपयोग नाही. नवऱ्याला रोग असला तर तिला पुन्हा लागणार. दिवाळीनंतर आपण भट्टीवर जातो, सहा-सहा महिने घराबाहेर. जमीन हातात असती तर कोण गेलं असतं? तिथं शेठ, मुकादम बाईवर हात टाकतो, आणि रोग लागला की घरचेच तिला विचारतात, कुठून आणलास?

सरकारचा नियम आहे, आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० मागे एक उपकेंद्र. आमच्याकडच्या केंद्रात बाई डॉक्टर नाही, तपासायला साधा आडोसा नाही. नसबंदीचं टार्गेट असायचं तेव्हा मात्र जीप पार पाड्यापर्यंत यायची, तेव्हा रस्ता सापडायचा.

म्हणून प्लॉटच्या निवेदनात हेही लिहायचं: आठवड्यातून एक दिवस बाई डॉक्टर, गरोदर बाईच्या रक्ताची गरमीसाठी तपासणी, आणि नवरा-बायको दोघांना औषध. काही जण म्हणाले, जमिनीच्या कागदावर हे कशाला? मी म्हणते, त्याच कागदावर.

येत्या बाजाराच्या दिवशी केंद्रावर जायचंय. जोडीनं या. चारचौघांत सांगायची लाज वाटली तर मला सांगा, नाव वहीत लिहिणार नाही.