दारिद्र्याचे मोजमाप आणि मुळशी तालुका

(व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



गरिबाला साहाय्य करावे, याविषयी कोणाचेही दुमत नसते. गरीब कोणास म्हणावे, हा प्रश्न आला की मात्र मतभेदास आरंभ होतो. शासनाची योजना असो वा एखाद्या न्यासाची शिष्यवृत्ती, निधी मर्यादित आणि गरजू अधिक. म्हणून कोठेतरी रेषा ओढावीच लागते. ती रेषा कशावरून ओढली जाते आणि तिच्या पलीकडे कोण राहून जातो, याचा विचार प्रत्येक दात्याने करावयास हवा.

भारतात हा विचार प्रथम दादाभाई नौरोजी यांनी मांडला. 1876 साली वाचलेल्या आपल्या निबंधात त्यांनी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये असल्याचे दाखविले आणि त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावरील खर्चाशी केली. सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले.

पुढे 1971 साली पुण्यातील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दररोज 2250 उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो, हा त्यांचा निकष होता. 1960-61 च्या किमतींनुसार ती रक्कम ग्रामीण भागात दरमहा सुमारे 15 रुपये व शहरात सुमारे साडेबावीस रुपये आली. या हिशेबाने ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के आणि शहरांतील सुमारे निम्मी जनता पोटभर अन्नापासून वंचित ठरली.

रेषा थोडी सरकली की चित्र किती पालटते, याचे उदाहरण 2011-12 या वर्षाचे आहे. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण भागासाठी दरमहा दरडोई 816 रुपये ही मर्यादा धरली गेली व देशात सुमारे 27 कोटी लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने 2014 साली वेगळी पद्धत वापरून तीच मर्यादा 972 रुपये धरली; गरिबांची संख्या 36 कोटींवर गेली. वर्ष तेच, देश तोच. परंतु नऊ कोटी माणसे मोजणीच्या पद्धतीनुसार आत वा बाहेर झाली.

आता आपल्या मुळशीकडे वळू. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे आणि डोंगरकपारीतील कातकरी वाड्याही याच तालुक्यात आहेत. याच खोऱ्यात 1921 साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, त्याच्या पाण्यावर वीज निर्माण झाली. भातखाचरे मात्र पाण्याखाली गेली. अशा तालुक्याचे सरासरी उत्पन्न काढले, तर संगणक अभियंत्याचा पगार आणि मजुराची रोजंदारी एका बेरजेत मिसळून जातात. सरासरी समृद्ध दिसते. वाडीवरच्या माणसाची मात्र त्या आकड्यात ओळखही उरत नाही.

कातकरी समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी वा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गणना करणारा येतो, तेव्हा झोपडीला कुडाचे दार लावलेले असते. भट्टीवर त्यांना दोन वेळचे अन्न मिळतेही. परंतु ते मालकाकडून घेतलेल्या उचलीवर. उष्मांकांच्या हिशेबात असे कुटुंब कदाचित रेषेच्या वर येईल. पण मुलांची शाळा सुटलेली असते आणि पुढच्या वर्षीचे श्रम आधीच गहाण पडलेले असतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी 2002 च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात जमीन, घर, कपडे, अन्न, साक्षरता, कर्ज, स्थलांतर अशा 13 बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण देण्यात आले. हेतू चांगला होता. तथापि एकूण किती कुटुंबे गरीब ठरवावयाची, याची मर्यादा नियोजन आयोगाच्या अंदाजावरून अगोदरच ठरलेली होती. माणसे मोजून संख्या काढण्याऐवजी ठरलेल्या संख्येत माणसे बसविली गेली. अलीकडे निती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील 12 बाबी पाहतो. दृष्टी व्यापक झाली, हे खरे. परंतु नमुना पाहणीतून काढलेला निर्देशांक विशिष्ट वाडीतील विशिष्ट घर दाखवू शकत नाही.

यावर महाराष्ट्राने एक निराळा मार्ग काढला होता. 1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिला गरिबांची यादी लागत नव्हती. उन्हात खडी फोडण्यास जो स्वतःहून येतो, तो गरजू, एवढाच निकष होता. गरजू कोण, हे कार्यालयाने नव्हे, गरजूनेच सांगावयाचे. अर्थात वृद्ध, आजारी आणि लहानग्यांच्या माता यांना हा मार्ग पुरेसा नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

यातून दान करणाऱ्या संस्थांनी एवढा बोध घ्यावा. शासनाला कोट्यवधींचा विचार करावयाचा असल्याने रेषेशिवाय गत्यंतर नाही. गावपातळीवरील संस्थेला मात्र उंबरठ्यापर्यंत जाता येते. दाखला वा पिवळी शिधापत्रिका पाहून थांबू नये. कारण सर्वांत गरीब माणसाकडे पुष्कळदा तो कागदच नसतो. आलेल्या अर्जांची छाननी करताना न आलेल्या अर्जांचाही शोध घ्यावा, आणि तोही कुटुंबे भट्टीवरून परतल्यावर, पावसाळ्यात. मोजमाप हवेच, परंतु ज्याला मोजावयाचे तो घरी असताना ते व्हावे.