दहा माणसं कामाला असतील तर

भोरमध्ये नसरापूर-कापूरहोळ पट्ट्यातलं हॉटेल असो की राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात राजगडाच्या पायथ्याचं पर्यटक निवास, 10 माणसं कामाला असली की 2013च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष महिलाच, सदस्यांत किमान निम्म्या महिला, एक जण बाहेरचा. रोजंदारीवर भांडी घासणारी, कंत्राटदारानं आणलेली बाईसुद्धा कर्मचारीच. मालक नेमकं हेच विसरतात. समिती नेमली नाही, तर 50,000 रुपयांपर्यंत दंड.

माणसं 10पेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती ती ऐकते. तक्रारीची मुदत घटनेपासून 3 महिने. मालकांनो, समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावा, आणि तो मराठीत लावा.