जंतूंची वंशावळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय डॉक्टरांचा आहे, असे कुणाला वाटेल. पण ज्या घरी बाळंतपण होते, त्या प्रत्येक घराचा तो आहे, म्हणूनच मी तो मुद्दाम निवडला.

इंग्लंडात केंब्रिज येथे रोझी नावाचे प्रसूतिरुग्णालय आहे. तेथे नाजूक प्रकृतीच्या नवजात बालकांच्या विभागात सहा महिन्यांच्या काळात १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए नावाचे जंतू आढळले. २०११ साली हे ध्यानात आले. नेहमीच्या कित्येक औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. आता हे जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे गेले, की प्रत्येकाकडे बाहेरून निरनिराळे आले? जुन्या तपासण्यांनी याचा उलगडा होईना.

प्रत्येक जंतूजवळ आनुवंशिक मजकूर असतो. या जंतूचा सुमारे २८ लाख अक्षरांचा. पिढीमागून पिढी त्याची नक्कल होते आणि अधूनमधून एखादे अक्षर चुकते. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. एका लेखकाची चूक त्या पोथीवरून केलेल्या साऱ्या प्रतींत उतरे, आणि अशा चुका ताडून जाणकार पोथ्यांचे नाते सांगत. शास्त्रज्ञांनी तेच केले. जंतूंचा सगळा मजकूर वाचून एकमेकांशी ताडला. जंतू एकाच कुळातले निघाले! शिवाय ते बाळांपुरते राहिले नव्हते. आयांपर्यंत आणि रुग्णालयाबाहेरही पोहोचले होते. एकूण २६ जण या एका साखळीत सापडले.

पुढे तो विभाग स्वच्छ धुऊन काढला. शेवटचे बाधित बाळ तेथून गेल्यावर ६४ दिवसांनी पुन्हा एका बाळाजवळ त्याच कुळातला जंतू आढळला. मधल्या काळात तो होता कोठे? १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा एका व्यक्तीजवळ तो मिळाला. असे वाहक पुष्कळदा धडधाकट असतात. त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. त्या व्यक्तीवर लगेच उपचार करण्यात आले.

भगिनींनो, मला सांगायचे आहे ते येथेच. आपल्याकडे बाळ आजारी पडले की कुणाची दृष्ट निघते, कुणाचा पायगुण निघतो, नाहीतर आईनेच काहीबाही खाल्लेले असते. संशयाने माणसे दुखावतात आणि जंतू मात्र मोकळा राहतो. केंब्रिजला एकाला औषध मिळाले आणि बाकीच्यांवरचा संशय फिटला. खरे कारण कळल्याचा हा केवढा लाभ!

ही विद्या नवी असली, तरी जुना नियम सुटलेला नाही. १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. म्हणून बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा बाळ घेण्याआधी हात धुवा. आणि घरच्या सुनेने किंवा नर्सबाईंनी तसे सांगितले, तर रुसू नका.