आपला सुवास, मोत्याचा त्रास
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेळ्या-कोंबड्यांच्या आजारावर आपण नेहमी बोलतो. आज दारातल्या कुत्र्याबद्दल बोलायचंय. रात्रभर गोठा, खळं राखतो तो. पण त्याच्या दुखण्याची नोंद आपल्या कुठल्याच वहीत नसते.

आपल्या घरात वासाच्या वस्तू किती आहेत, मोजा बरं. अगरबत्ती, धूप, कापूर, फिनाईल, कपाटातल्या डांबरगोळ्या, डास पळवायचं लिक्विड, निलगिरीचं तेल, डोकेदुखीचा बाम. आपल्या काही गटांचा तर फिनाईल आणि अगरबत्तीचा धंदाच आहे. या वस्तू वापरू नका, असं मी म्हणत नाही. कुत्रा आसपास असताना त्या कशा वापरायच्या, एवढंच सांगते.

कुत्र्याच्या अंगात विष तीन वाटांनी जातं. पहिली वाट नाकाची. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. आपल्याला जो वास मंद वाटतो, तो त्याला झोंबतो. दुसरी वाट कातडीची, तेल तिथून आत मुरतं. तिसरी जिभेची. कुत्रा अंग चाटतो, पाय चाटतो, म्हणजे अंगावर लावलेलं शेवटी पोटातच जातं.

सगळ्यात मोठा धोका गोचिडांवरच्या घरगुती उपायांचा. खोबरेल तेलात कापूर घालून चोळायचा, रॉकेल लावायचं, निलगिरीचे किंवा टी ट्रीचे थेंब टाकायचे. ताई म्हणतात, "अगं, नैसर्गिक आहे." धोतराही नैसर्गिकच आहे ना? ढीगभर पाल्याचा अर्क एका लहान बाटलीत उतरतो, म्हणून तो जहाल असतो. टी ट्रीचं शुद्ध तेल थोडंसं जरी लागलं तरी कुत्रा लटपटतो, थरथरतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात. गोचिडांचं औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या, ते कुत्र्याच्या वजनावर ठरतं. गाई-म्हशींचं उरलेलं औषध अंदाजानं लावू नका. आणि गोचीड भिंतीच्या, फरशीच्या फटीत अंडी घालतात, तेव्हा त्याची बसायची जागाही साफ करा.

डांबरगोळी तर गोळी म्हणून चघळली जाते. एकच गोळी लहान कुत्र्याला पुरे होते. ती रक्तातल्या लाल पेशी फोडते. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट होते, आणि हे कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतं. रांगतं लेकरूही तीच गोळी तोंडात घालतं, हे विसरू नका.

फिनाईल बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. फरशी सुकेपर्यंत कुत्र्याला आत घेऊ नका. धूप किंवा डासांचं लिक्विड लावाल त्या बंद खोलीत त्याला बांधू नका. मोकळा कुत्रा उठून बाहेर जातो, बांधलेला कुठं जाणार? मांजर असेल तर दुप्पट जपा, तिच्या यकृताला हे पदार्थ आणखी जड जातात.

आता लक्षणं. लाळ गळणं, उलटी, डोळे-नाक वाहणं, धाप, अडखळत चालणं, सुस्ती, थरथर, झटके. यातलं काही दिसलं तर:

१. आधी त्याला मोकळ्या हवेत न्या.
२. अंगाला तेल लागलं असेल तर हातात पिशवी घालून भांड्यांच्या लिक्विड साबणानं, कोमट पाण्यानं धुवा. झटके येत असतील तर धूत बसू नका, तसंच दवाखान्यात न्या.
३. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. फिनाईल, तेल उलटं येताना घसा पोळतं, फुप्फुसात जातं.
४. "विष उतरतं" म्हणून दूध, तूप, तेल पाजू नका. डांबरगोळी आणि कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतात आणि अंगात जास्त भिनतात.
५. जे पोटात गेलं त्याची बाटली किंवा पुडा सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फोनवर विचारायला १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

फिनाईल करणाऱ्या गटांना एक विनंती. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल भरून विकू नका. लेबलवर "मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवा" हे ठळक छापा. वासाचा अर्क मिसळायचं काम उघड्या जागेत करा, घमेलं उघडं टाकून जेवायला उठू नका. अशा बाटलीवर गिऱ्हाईकाचाही विश्वास बसतो.

ताईंनो, आजच्या इतिवृत्तात दोन ठराव घेऊया. पहिला, प्रत्येक घरात डांबरगोळ्या, कापूर, तेलं आणि फिनाईल वरच्या फळीवर, झाकण लावून. दुसरा, पुढच्या बैठकीला पशुसखी ताईंना बोलवून गोचिडांच्या औषधाची माहिती घ्यायची. मंजूर असेल तर हात वर करा.